मधला दुवा आणि बांगड्याची शेपटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की माकडापासून माणूस झाला म्हणता तर मधला दुवा दाखवा, आणि झाला असेल तर आजची माकडं माकडंच कशी राहिली. आमच्याकडे चहावर त्यावरनं बराच वाद झाला म्हणून लिहितोय. दुसऱ्या प्रश्नाला फार वेळ नको, आजच्या माकडापासून माणूस झाला असं शास्त्रज्ञ म्हणतच नाहीत, चिंपांझी आपला चुलतभाऊ आहे, आजोबा नव्हे, आणि काकांची मुलं अजून गावात राहतात म्हणून आपण जन्मलोच नाही असं कोण म्हणेल?

राहिला मधला दुवा. तो एक असता तर दाखवून मोकळं झालो असतो, पण ते इतके सापडलेत की कुठला कोणाच्या नात्यातला यावरच भांडणं चालतात. १९७४ साली इथिओपियात हडार इथे डोनाल्ड जोहान्सन या शास्त्रज्ञांना ल्युसी नावाचा सांगाडा सापडला, ३२ लाख वर्षांपूर्वीचा, उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू चिंपांझीच्या जवळपासचा, पण कंबर आणि गुडघा दोन पायांवर चालणाऱ्याचा. म्हणजे आधी उभे राहिलो, अक्कल नंतर आली! टांझानियात लाएटोलीला तर ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली पावलंच आहेत, साधारण ३६ लाख वर्षांपूर्वीची. मिरामारच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत चालून मागे वळून बघा, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत दिसतो ना, तिथेही तसाच आहे, माकडाच्या हातापायासारखा बाजूला फाकलेला नाही.

पत्रलेखकांनी शास्त्रज्ञांच्या लबाडीचा टोमणाही मारलाय. खरंय, इंग्लंडात पिल्टडाऊनला १९१२ साली माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा एकत्र ठेवून लोकांना बनवलं होतं. पण १९५३ साली हाडांच्या तपासण्या करून ते उघडं पाडलं ते शास्त्रज्ञांनीच. आम्हाला तर शाळेत शिवालिकच्या टेकड्यांतला रामापिथेकस हा माणसाचा पूर्वज म्हणून शिकवला होता, मी परीक्षेत लिहून मार्कसुद्धा घेतले, पुढे जास्त हाडं मिळाली तेव्हा कळलं की तो ओरांगउटानच्या घराण्यातला. मार्क काय परत केले नाहीत.

पण माणसाचं सोडा, मला खरं सांगायचंय ते डॉल्फिनचं, कारण ते आपल्याला इथे बसून बघता येतं. मासळी बाजारात बांगडा हातात घ्या, शेपटी उभी असते, म्हणून तो डावी-उजवी मारत पोहतो. सिकेरीहून बोटीने जाऊन डॉल्फिन बघा, त्याची शेपटी आडवी, पाठ वर-खाली होते, कुत्रा धावताना त्याची पाठ कशी वाकते अगदी तशी. कारण तो मासा नाहीच, पिल्लाला दूध पाजतो, श्वास घ्यायला वर येतो आणि त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी धावायचे. आता म्हणाल याला पुरावा काय, तर तो आपल्याच देशात आहे. जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटला ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी दगड गोळा करून ठेवले होते, ते वारल्यावर दगड तसेच पडून राहिले, मग त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाला दिले. त्यातली एक कवटी साफ करताना मदतनिसाच्या हातून चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं, आतली कड जाडजूड, जशी देवमासे आणि डॉल्फिन यांच्या कुळाची खूण मानतात तशी! आणि प्राणी कोण, तर मांजरापेक्षा थोडा मोठा, खुरवाल्या जातीचा इंडोह्यूस, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. पायाची हाडंही पाणघोड्यासारखी जड, म्हणजे पाण्यात उतरून चालणारा. हे २००७ साली छापून आलं. कच्छमध्ये तर पाय असलेल्या जुन्या देवमाशांची हाडं मिळालीत, आणि आजच्या देवमाशाच्या पोटात कमरेच्या हाडाचे छोटे तुकडे अजून आहेत, पाय गेले तरी. याला मधला दुवा नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

असलं सगळं पोरांना शाळेत सांगायला हवं तर २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या सायन्सच्या पुस्तकातनं उत्क्रांतीचा भागच काढला. १८०० च्या वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं होतं.

शेवटी पत्रलेखक विचारतात की गोव्यात अशी हाडं का नाही मिळत. आपली जमीन जांभ्याची, चिरे काढतो तीच, आणि वर धो धो पाऊस. अशा आंबट मातीत हाड विरघळून जातं, म्हणून कुशावतीकाठी उसगाळीमळला जुन्या माणसाने कातळावर कोरलेले बैल, हरणं अजून आहेत पण कोरणाऱ्याची हाडं नाहीत. नर्मदेकाठी हथनोऱ्याला गाळ साचत गेला म्हणून तिथे १९८२ साली अरुण सोनकियांना आदिमानवाची कवटी मिळाली. तुमच्या रविवारच्या पुरवणीत कधी उसगाळीमळचे फोटो छापले तर आवडतील, पण पावसाळ्याआधी पाठवा कोणालातरी, नंतर नदी कातळावरनं वाहते.

आपला,
एक वाचक, डिचोली