‘जागा साफ करून या’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. जांघेतली गाठ दोन वर्षं होती. हंगाम उरकला की बघू, हंगाम उरकला की बघू असं अण्णांचं चाललं होतं. शेवटी मे महिन्यात नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं (पोटाच्या कमकुवत भिंतीतून आतडं बाहेर येतं तो आजार), भिंतीला आधार म्हणून आत जाळी बसवली, तिसऱ्या दिवशी घरी आले. अठराव्या दिवशी टाक्यांतून पू यायला लागला. पुढचे दोन महिने दिवसाआड ड्रेसिंगसाठी त्यांना नाशिकला आणत होतो.

ऑपरेशनआधी फोनवर आम्हाला एवढंच सांगितलं होतं, ‘जागा साफ करून या.’ अण्णांनी आदल्या संध्याकाळी घरीच ब्लेडने केस काढले, दोन ठिकाणी कापलंही. ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात आणि तिथे जंतू वाढतात, हे मला पू आल्यावर समजलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगून ठेवलंय की केस काढूच नयेत, अगदी गरज असेल तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, कापावेत, वस्तरा नको. फोनवर हे एक वाक्य जास्त बोलायला किती वेळ लागला असता?

साखर तपासली तीही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. २६० निघाली. इंजेक्शन देऊन पुढे नेलं. मागच्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी कुणी सांगितलीच नव्हती. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. त्यात अण्णांची बिडी. बिडीने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पडतो. निदान चार आठवडे आधी सोडली तर फरक पडतो. आमच्या हातात दोन वर्षं होती! यातलं नेमकं कशामुळे झालं ते मी सांगू शकत नाही, पण तिन्ही गोष्टी आधी सांभाळता आल्या असत्या. वजन जास्त असणं, तोच हर्निया दुसऱ्यांदा होणं, ऑपरेशन जास्त वेळ चालणं यांनीही धोका वाढतो.

जाळी प्लास्टिकच्या धाग्यांची असते. जंतू तिला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात, मग औषध तिथवर पोचत नाही. कधी जाळीच काढावी लागते. अण्णांची वाचली. म्हणून जाळी बसवलेल्यांनी टाके निघाले की संपलं असं समजू नये, तीन महिने जखमेवर लक्ष ठेवावं. लाली, सूज, ताप, पाणी येणं, काहीही दिसलं तर हळद न लावता डॉक्टरांना दाखवावं.

हे सगळं पाहून आमच्या वस्तीवरच्या एका काकांनी ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. ते मला फार लागलं. काका, तसं करू नका. जांघेच्या हर्नियाचं ठरवून केलेलं ऑपरेशन बहुतेकांचं सुरळीत होतं. आतडं अडकून काळं पडलं तर तेच ऑपरेशन मध्यरात्री, घाईत करावं लागतं. तेव्हा जिवाचाच प्रश्न असतो आणि जंतुसंसर्गाची भीतीही कितीतरी जास्त.

नाशिकमधल्या सर्जन मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. तारीख देताना पेशंटच्या हातात मराठीत एक कागद द्या: ब्लेड लावू नका, साबणाने अंघोळ करून या, साखर इतकी असेल तरच या, बिडी आजपासून बंद. अण्णांनी तो नक्की वाचला असता. ते औषधफवारणीचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून पाळतात.

एक वाचक,
पंचवटी, नाशिक