आमच्या ॲपची मुद्रिते तपासणाऱ्या बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपण पाठवलेल्या सूचनांपैकी एक सोडून बाकी सर्व आमच्या टिपणांच्या ॲपच्या नव्या आवृत्तीत आल्या आहेत. आपले नाव कोठेही छापू नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे. आभार मात्र उघडपणेच मानायचे आहेत, कारण या दुरुस्त्यांचा उपयोग मोबाइलवर मराठीत टिपणे ठेवणाऱ्या प्रत्येकाला होणार आहे.

ग्राहकांच्या तक्रारी आमच्याकडे रोज येतात आणि त्यांतल्या बहुतेक ‘शोध नीट चालत नाही’ एवढ्या एका ओळीच्या असतात. आपले पत्र वेगळे होते. कोणत्या फोनवर, कोणत्या कीबोर्डवरून, कोणता शब्द लिहिला, काय सापडायला हवे होते आणि काय सापडले, हे आपण प्रत्येक चुकीपुढे लिहिले होते. आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाचा हात त्यात दिसत होता. आम्ही ज्या चुका कित्येक महिने ‘आमच्याकडे तर तसे होत नाही’ म्हणून बाजूला ठेवत होतो, त्या त्या पत्रामुळे पहिल्यांदा आमच्या फोनवर जशाच्या तशा घडवून पाहता आल्या.

‘ॲ’चेच घ्या. संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकात हे अक्षर स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी ते ‘अ’ आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहावे लागे, आणि आजही काही कीबोर्ड तसेच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात, आणि एकच अक्षर लिहिण्याच्या निराळ्या रीती एकरूप करणारे युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नेहमीचे नियमही या दोहोंना एक मानत नाहीत. जुन्या फोनवर लिहिलेली आपली ‘ॲल्युमिनियम’ची टिपणे नव्या फोनवर शोधूनही सापडत नव्हती, त्याचे कारण हे होते.

दुसरी चूक अधिक गंभीर होती, आणि ती सर्वस्वी आमची होती. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन प्रकारे साठवले जाते: कधी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, तर कधी साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे एक न दिसणारे चिन्ह घालून. दुसरीकडून आणून चिकटवलेला मजकूर ‘स्वच्छ’ करताना आमचे ॲप न दिसणारी सगळी चिन्हे केर समजून काढून टाकत होते. त्यामुळे आपल्या टिपणातल्या सह्याद्रीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ झाला, आणि भाचीच्या लग्नाच्या हिशेबात आचाऱ्यांना द्यायची रक्कम आचार्यांच्या नावावर गेली. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरणाऱ्यांना हा त्रास कधीच झाला नाही, आणि आमच्या चमूत सगळे तेच वापरणारे होते.

यानंतर आपण जे केले त्याबद्दल मी सर्वांत अधिक ऋणी आहे. आम्ही घाईने जी चाचणी आवृत्ती आपल्याला पाठवली, तिच्यात साठवलेला सगळा मजकूरच एका ठरावीक रूपात बदलून टाकण्याची सोय होती. शोध सोपा व्हावा एवढाच आमचा विचार होता. आपण त्याच दिवशी कळवले की लेखकाला विचारल्याशिवाय त्याच्या हस्तलिखितात काना-मात्रेचाही फरक करायचा नसतो, शंका असेल तर समासात खूण करायची असते. ते वाचल्यावर आम्ही ते काम थांबवले आणि पुन्हा पहिल्यापासून मांडले. आता आपण लिहिलेला मजकूर जसाच्या तसा राहतो. शोधासाठी त्याची एक वेगळी प्रत तयार होते, आणि तिच्यातच ‘ॲ’ व ‘ऱ्य’ यांची दोन्ही रूपे एक मानली जातात. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांचेही तसेच केले आहे, म्हणजे ‘१९६०’ कसेही लिहिलेले असले तरी सापडते.

आधी बिघडलेले शब्द मात्र आपोआप दुरुस्त करता येत नाहीत, कारण ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आचार्य’ हे शब्द जसे आहेत तसेच बरोबर आहेत आणि ‘दर्या’सुद्धा खरा शब्द आहे. म्हणून ‘र्य’ असलेले शंकास्पद शब्द ॲप आता फक्त अधोरेखित करून दाखवते; बदलायचे की ठेवायचे हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. समासातल्या खुणेची कल्पना आपलीच आहे.

अक्षरांचा आकार वाढवल्यावर वेलांट्यांचे आणि रफारांचे शेंडे कापले जात होते, तेही थांबले आहे.

राहिली ती अनुक्रमाची सूचना. शीर्षके अकारविल्हे लावताना ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तेथे आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर यायला हवा आणि त्यामागून ‘क्ष’, ‘ज्ञ’. नव्या टिपणांसाठी हा क्रम आमच्याकडे तयार आहे, परंतु जुन्या वह्यांची यादी पुन्हा लावताना काही फोनवर ॲप फार वेळ अडकून राहते, म्हणून तो भाग या खेपेस मागे ठेवला आहे. पुढची चाचणी आवृत्ती तयार होताच आपल्याकडे पाठवतो. आपल्या जुन्या फोनवरही ती चालवून पाहावी, अशी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
ॲपचा शोध विभाग सांभाळणारा प्रोग्रॅमर