किमतीच्या पाटीशेजारी आरसीही लावा

मा. संपादक,

मुंबई नाक्याजवळच्या एका शोरूममध्ये जुन्या आणि कस्टम मोटारसायकली पाहिल्या. म्हैसूरची येझदी! तिचं ते गिअर आणि किकचं एकच दांडकं पाहून सातपूरच्या शिफ्टचे दिवस आठवले. पण शेजारच्या बुलेटची टाकी, हँडल, सायलेन्सर सगळंच बदललेलं. आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, या बदलांची नोंद आहे का, विचारलं, उत्तर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल मोकाट सोडत नाही, आणि दंड गाडी विकत घेणाऱ्या पोराच्याच माथी बसतो. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील, मूळ रूपातल्या दुचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते. तेवढ्या जुन्या गाड्या तरी कृपा करून कापू नका. आरटीओने विक्रेत्यांना प्रत्येक गाडीवर बदलांची यादी लावायला सांगावं.

– एक निवृत्त फिटर, सिडको, नाशिक