ब्रुकवुडला जाऊन आलेल्या ताईंना, एम्प्रेस मिलच्या एका घरातून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं ब्रुकवुडच्या फोटोंचं पाकीट मिळालं. फोनवर आभार मानले होतेच, पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. नागपुरातल्या मिलच्या घरांमध्ये जमशेटजी टाटांचं नाव अजून आदरानं निघतं, आणि त्यांची समाधी इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या ब्रुकवुडला आहे, हे आमच्यापैकी कितीतरी जणांच्या गावीही नाही.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर होते, पुढे बाबाही तिथेच लागले. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून जमशेटजींनी ती मिल उभारली. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी ती सुरू झाली, म्हणून हे नाव. कामगारांसाठी पेन्शन फंड तिथे १८८६ मध्येच आला होता. आता त्या जागेवर मॉल आहे. तेव्हा आमच्या अन्नदात्याचं काही बघायला मिळावं ही बाबांची इच्छा, आणि म्हणून तुम्हाला तो त्रास दिला.

ओळख नसताना तुम्ही सुट्टीच्या दिवशी वोकिंगहून गेलात. नुसते फोटो काढून परत आला असतात तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. पण दगडाच्या सांध्याशी हाताचा पंजा ठेवून फोटो काढलात, म्हणजे चिऱ्याचं माप कळावं! बाबा भिंग घेऊन तो फोटो कितीतरी वेळ बघत होते.

त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "पारशी माणूस ना, मग दोखमा कसा नाही?" दोखमा म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवण्याचा पारशांचा मनोरा. बाबांच्या त्या प्रश्नावर तुम्ही लिहिलेली दोन पानं मी जपून ठेवली आहेत. विलायतेत दोखमा नव्हता. १८६१ मध्ये लंडनच्या पारशी मंडळींनी निधी उभारला, दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच, आणि १८६२ पासून ब्रुकवुडमध्ये त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. ते कबरस्तान १८५४ चं. लंडनहून मृतदेह नेणारी खास रेल्वे तिथपर्यंत जायची.

पण मला सगळ्यात भावलं ते तुम्ही दगडाबद्दल सांगितलेलं. मातीला मृतदेहाचा विटाळ होऊ नये, ही पारशांच्या झरतुष्ट्री धर्माची जुनी काळजी. म्हणूनच इराणचे बादशहा मातीत नाहीत, दगडात आहेत. पसारगादला सायरसची कबर सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर, छोट्या उतरत्या छपराच्या दगडी घरासारखी. नक्श-ए-रुस्तमला तर डोंगराचा कडाच कोरून काढलेला, दर्शनी भागात चार खांब आणि खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावलेले बैल. वहीच्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं तुम्ही दोन्ही काढून दाखवलंत. ते बघितल्यावर तुमचे फोटो वाचता यायला लागले. सरेच्या हिरवळीवर इराणी वळणाच्या दगडी समाध्या का, हे तेव्हा उमगलं. परमुलखात आपल्या माणसाला निरोप देताना त्या घराण्यानं आपल्या सगळ्यात जुन्या वास्तूंचा आधार घेतला. मला यात मोठेपणाचा तोरा दिसत नाही, धर्म पाळण्याची धडपड दिसते.

जमशेटजी गेले जर्मनीत बाड नाउहाइमला, १९ मे १९०४ रोजी. धाकटे चिरंजीव सर रतन १९१८ मध्ये कॉर्नवॉलला गेले, तेही ब्रुकवुडलाच. आणि थोरले चिरंजीव दोराबजी! त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या, त्यांना तिथे ठेवलं. वर्षश्राद्धाच्या सुमाराला बायकोच्या समाधीवर जायचं म्हणून दोराबजी १९३२ मध्ये निघाले आणि ३ जूनला वाटेतच, बाड किसिंगेनला, त्यांनी प्राण सोडला. शेवटी ते तिच्या शेजारीच विसावले. हे वाचून आई पदराला डोळे पुसत होती. मेहेरबाईंच्या नावानं ल्युकेमियावरच्या संशोधनाला मदत करणारा ट्रस्ट आजही चालू आहे, हे तिला तुमच्यामुळेच कळलं.

फोटोंच्या मोठ्या प्रती काढायला दिल्या आहेत. बाबांचे जुने साथी अधूनमधून आमच्याकडे जमतात, त्यांना तुमची पानं वाचून दाखवणार आहे. काही प्रश्न निघाले तर परत त्रास देईन, रागावू नका. येत्या हिवाळ्यात नागपूरला याल तेव्हा मुक्काम आमच्याकडेच. संत्र्यांचा मोसम असेल, आणि मिलचं जे काही शिल्लक आहे ते बाबा स्वतः हिंडून दाखवणार आहेत.

तुमची ऋणी,
एम्प्रेस मिलच्या एका कामगाराची लेक
नागपूर