अण्णा, पुली आता नाचत नाही

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळाची मंडळी पार्किंगमध्ये माझ्या गाडीभोवती जमली, तेव्हा "बॅलन्सर घरीच बदलला, स्वतः" असं मी छाती फुगवून सांगितलं. (बॅलन्सर म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाची, पट्टा फिरवणारी पुली.) बोल्ट मी सोडला आणि मीच आवळला, एवढं खरं. पण तुमचं नाव घ्यायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी गाडीबद्दल. २००० सालची कॉर्व्हेट, सी-फाइव्ह म्हणतात ती पिढी. पुढं ५.७ लिटरचं एलएस-वन व्ही-एट इंजिन, गिअरबॉक्स थेट मागच्या चाकांपाशी आणि दोन्हींना जोडणारी लांब नळी मधे. रंगानं तांबडी असूनही आमच्या घरात तिला पांढरा हत्ती म्हणतात. १९५३ साली पहिल्या तीनशे कॉर्व्हेट इथून पाऊण तासावरच्या, मिशिगनमधल्याच फ्लिंटमध्ये बनल्या, हे मी तुम्हाला कौतुकानं सांगितलं होतं. त्यावर तुम्ही विचारलं, "मग ही का केंटकीची?" कारखाना १९८१ पासून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला आहे, हे सांगेपर्यंत तुम्ही बॉनेटखाली वाकला होता.

त्याआधी वर्षभर ही गाडी सकाळी चालू केली की किंचाळायची. मी पट्टा दोनदा बदलला, तो ताणून धरणारा टेन्शनर एकदा. एका गॅरेजनं मान डोलावून तिसरा पट्टा विकला. इंजिनाचा दिवा कधी पेटला नाही, आणि त्यामुळेच मी गाफील राहिलो. या इंजिनात क्रँकचा (मुख्य फिरत्या दांड्याचा) सेन्सर मागच्या बाजूला असतो, पुढच्या पुलीवरून तो काही वाचत नाही. पुली हलत होती, पण गाडीच्या संगणकाच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं.

तुम्ही मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. सकाळचं फिरणं आटपून परतताना आमच्या दारात थांबलात. ओळख नाही, पाळख नाही. दोन मिनिटं कान दिलात आणि म्हणालात, "पट्टा न्हाई लेका, पुली नाचाय लागलीया." नोव्हायच्या त्या गल्लीत, मेपल झाडांखाली, अस्सल कोल्हापूरच्या उद्यमनगरचं वाक्य ऐकून मी आधी इंजिनच बंद केलं.

मग तुम्ही माझ्याकडून खडूची रेघ मारून घेतलीत. मधल्या तुंब्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ. आठवडाभर गाडी चालवली. पुढच्या शनिवारी पाहिलं तर रेघ मधेच तुटलेली, बाहेरचा तुकडा बोटभर पुढं सरकलेला. तुंबा आणि कडं यांच्यामधल्या रबरानं हात टेकले होते. पट्टा का झिजत होता, गाडी किंचाळत का होती, सगळं त्या तुटक्या रेघेत दिसलं. मला इतके महिने कुणी खडूचा तुकडा दिला नव्हता.

हार्मोनिक बॅलन्सर हे नाव फसवं आहे, हेही तुमच्यामुळे कळलं. मला वाटायचं हा तोल सांभाळतो. तुम्ही त्याला डॅम्पर पुलीच म्हणत राहिलात, आणि तेच बरोबर. दर स्फोटाला क्रँकला एक हिसका बसतो, ओलं धोतर पिळावं तसा तो कणभर पिळतो आणि उलटा सुटतो. व्ही-एटला एका फेऱ्यात चार स्फोट. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगाला सेकंदाला दोनशे हिसके. तो पीळ बाहेरचं जड कडं आणि मधलं रबर गिळतं. मी हौसेनं रबर नसलेली, हलकी ॲल्युमिनियमची पुली मागवायला निघालो होतो. रेसवाले लावतात म्हणे. तुम्ही फोटो पाहिलात आणि विचारलंत, "रबरच काढलंस तर पीळ जाणार कुठं?" ऑर्डर मी त्याच रात्री रद्द केली. (बायकोनं तुम्हाला त्याबद्दल वेगळं धन्यवाद सांगितलंय.)

सी-फाइव्हमध्ये बॅलन्सर काढणं हे खरं तर स्टीअरिंग काढण्याचं काम आहे. रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, नेमका पुलीच्या समोर आडवा. पहिला शनिवार अर्धा त्यातच गेला. गाडी चार जॅक स्टँडवर, तुमच्या भाषेत घोड्यांवर. टाय रॉड चाकाकडून सोडवले, मधला शाफ्ट सुटा केला, आणि तेलाचे पाइप न सोडता रॅक तारेनं पुढं टांगला. त्याआधी तुम्ही स्टीअरिंग दोरीनं सीटला बांधायला लावलंत. मला हसू आलं होतं. शाफ्ट सुटा असताना स्टीअरिंग गरागरा फिरलं तर आतली एअरबॅगची नाजूक पट्टी तुटते, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तुम्ही पुस्तक वाचलं नव्हतं. "मोकळं सोडलेलं कायतरी फिरतंयच," एवढाच तुमचा हिशेब.

मग क्रँकचा बोल्ट. २४ नंबरची गोटी. स्टार्टर काढून फ्लायव्हीलचे दात अडवले, टॉमीवर (गोटी फिरवायच्या दांड्यावर) चार फुटी पाइप चढवला आणि मी लोंबकळलो. पहिली टॉमी वाकली. दुसरीला फटाका फुटावा तसा आवाज आला. मला वाटलं बोल्ट तुटला, तुम्ही उलट्या बादलीवर बसून म्हणालात, "सुटला." पुलर पार्ट्सच्या दुकानातून अनामत ठेवून आणलेला, तीन पायांचा. त्याचा स्क्रू सरळ क्रँकच्या भोकात घुसवायला निघालो, तेव्हाही तुम्ही थांबवलंत. आतले आटे चेपले असते. एका लांब बारीक सळीचा तुकडा आत घातला, पुलरनं त्यावर जोर दिला. बॅलन्सर इंच इंच करत आला, आणि हातात येताच बाहेरचं कडं चक्क बोटानं फिरलं. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनीही फिरवून बघितलं.

दुसऱ्या शनिवारची गोष्ट मंडळात सांगितली नाही, ती इथे सांगतो. त्या सगळ्या कामात तुम्ही हात लावलात तो दोनदाच. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेलं, डॉक्टरनं वाकायचं नाही म्हणून बजावलेलं. पहिला हात दुसऱ्या शनिवारी लावलात. जुनं ऑइल सील काढलं, नवं बसवलं. नवा बॅलन्सर क्रँकवर चढेना. या इंजिनात चावी नाही, खाचही नाही, तो फक्त घट्टपणावर बसतो. मी हातोडा उचलला. तुम्ही उठलात, माझ्या हातातून हातोडा घेतलात, न बोलता स्वतःच्या पायापाशी ठेवलात आणि परत बसलात. क्रँकवर ठोकलं की मार आतल्या थ्रस्ट बेअरिंगवर बसतो, हे तुम्ही त्यानंतर दहा मिनिटांनी, चहा संपल्यावर सांगितलंत.

मूळ बोल्टनं ओढायची युक्ती तुम्ही हाणून पाडलीत, तो चारच आटे पकडतो आणि तेच आटे घेऊन बाहेर येतो. लांब आट्यांची सळी पाहिजे, १६ मिलिमीटरची, दोनच्या पिचची. आपण चार हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. "गाडी अमेरिकेची, बोल्ट मिलिमीटरचा आणि दुकानातली सळी इंचाची," हे तुमचं वाक्य माझ्या ऑफिसात आता म्हण झालंय. इथल्या इंजिनिअरांनाही ते पटतं. शेवटी कडक पोलादाची सळी मागवली. चार दिवस गाडी घोड्यांवरच राहिली आणि तुम्ही रोज येऊन विचारलंत, "आली का?"

सळी, नट, मधे बेअरिंग. पान्ह्याच्या एकेका पावलानं बॅलन्सर आत गेला, कुरकुर न करता. मग जुना बोल्ट ३३० न्यूटन मीटरला आवळून तो पुरता बसवला, बोल्ट काढला आणि मापाची वेळ आली. पुस्तकात लिहिलंय की क्रँकचं टोक तुंब्याच्या तोंडापासून २.४ ते ४.४८ मिलिमीटर आत हवं. मी व्हर्निअर शोधायला आत गेलो. परत आलो तर तुम्ही म्हणालात, "एक सूत हाय." व्हर्निअरनं ३.२ दाखवलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५. मी तीनदा मोजलं, तेही तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, आकडा परत परत बघायला बरा वाटत होता म्हणून.

नवा बोल्ट. तो एकदाच वापरायचा, आवळताना ताणला जातो. आधी ५० न्यूटन मीटर, मग १४० अंश. अंश मोजायचं उपकरण माझ्याकडे नव्हतं, आणि मोबाइलवर कसलं तरी ॲप उतरवत बसलो होतो. तुम्ही दुसऱ्यांदा उठलात ते तेव्हा. खिशातला खडू काढून बोल्टच्या माथ्यावर एक खूण केलीत. "षट्कोन हाय न्हवं? दोन बाजू पुऱ्या, आन तिसरीचा तिसरा हिस्सा." साठ, साठ आणि वीस. मी ॲप बंद केलं. आयुष्यात गणित इतकं स्वस्त कधी झालं नव्हतं.

कोल्हापूरचे नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांच्या गावचा माणूस, चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला, ऑइल इंजिनं जुळवलेला. माझ्या हातात पान्हा देऊन स्वतः बादलीवर बसून राहणं तुम्हाला किती जड गेलं असेल, हे मला आता कळतंय. तुम्ही केलं असतं तर एका दिवसात झालं असतं. वाकायला मनाई होती, हे खरं. पण मुलीचा नवरा गॅरेजात होता, तो तुमच्या सांगण्यावरून अर्ध्या वेळात उरकू शकला असता. तुम्ही त्यालाही "तू हात लावू नगंस" म्हणालात. मी ते ऐकलं होतं.

मुद्द्याचं सांगतो. तुम्ही गेल्यापासून गाडी अठराशे मैल चालली. पट्टा स्वच्छ आहे, पूड नाही, किंचाळणं नाही. नव्या बॅलन्सरवर रेघ मारून ठेवलीय, दर रविवारी बघतो, अजून सरळ आहे. सीलपाशी तेलाचा थेंब नाही. पहिल्या थंडीत गाडी झाकून ठेवली. जुना बॅलन्सर गॅरेजच्या फळीवर आहे. तुम्हाला तो विमानात सोबत न्यायचा होता, उद्यमनगरात दाखवायला. मुलीनं तो सामानातून काढून माझ्याकडे दिलाय, तुमचा तिच्यावरचा राग एव्हाना गेला असेल अशी आशा.

आट्यांची सळीही जपून ठेवलीय, तेल लावून. मेमध्ये याल तेव्हा मागच्या ब्रेकचं काम काढायचं आहे. बादली तीच आहे. मंडळातही सांगून टाकलंय.

काकूंना नमस्कार. खर्डा संपला.

आपला,
समोरच्या गल्लीतला 'लेका'