टूलरूमच्या काकांना, त्या दुसऱ्या पिनबद्दल थँक्यू

काका, तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी मी नेमका कस्टमरकडे चाकणला अडकलो होतो, पेढे पण गेले आणि बोलायचं पण राहिलं, म्हणून इथे लिहितोय. तुम्ही काही हे उघडून वाचणार नाही, ताई दाखवेल.

भोसरी एमआयडीसीतली माझी पहिली नोकरी, आणि डोक्यात हवा. कॉलेजात ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे चौघांची नावं आणि एकाचं काम (तो एक मीच, असं मला वाटायचं, बाकीच्या तिघांना विचारा), त्यामुळे टीमवर्क शब्द ऐकला तरी वैताग यायचा. ते हाउसिंगचं ड्रिलिंग फिक्स्चर (भोकं पाडताना पीस जागेवर धरून ठेवणारी चौकट, पीसची आधीची दोन भोकं तिच्या दोन पिनांवर बसतात) मी तीन आठवडे कानात हेडफोन घालून एकट्याने डिझाइन केलं. तुमचं टूलरूम, जिथे ही फिक्स्चर बनतात, एक जिना खाली, पण एकदाही उतरलो नाही, विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही असं दिसेल ना.

ट्रायलला पहिला पीस बसला, दुसरा बसेना. ऑपरेटर नायलॉनच्या हातोडीने ठोकतोय, मी छातीठोकपणे सांगतोय की कास्टिंगच खराब आलंय. तुम्ही चहाचा कप ठेवलात, पीस एकाच पिनवर बसवून हाताने फिरवून बघितलात आणि म्हणालात, "दोन्ही पिना गोल कशाला रे? हे थ्री-टू-वन नाही, थ्री-टू-टू झालंय."

थ्री-टू-वन म्हणजे पीसच्या सहा हालचाली सहाच टेकूंनी अडवायच्या, माझ्या दोन गोल पिनांनी सातवा टेकू घातला होता. भोकं १० एमएमची एच७, पिना जी६ (मापात किती कमी-जास्त चालेल त्याच्या ठरलेल्या ग्रेड), म्हणजे फट कमीत कमी ५ मायक्रॉन, आणि दोन भोकांमधलं अंतर पार्टच्या ड्रॉइंगवरच ±०.०५ एमएम, म्हणजे ५० मायक्रॉन, सोडलेलं! कसा बसणार पीस? एका पिनने जागा धरायची, दुसरीने फक्त फिरू द्यायचं नाही, म्हणून दुसरी डायमंड पाहिजे, म्हणजे दोन बाजूंनी घासून हिऱ्याच्या आकाराची केलेली. हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते हो. तुम्ही ती पिन ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून दिलीत, अर्ध्या तासात पीस हाताने बसायला लागले, आणि साहेब आले तेव्हा नुसतं म्हणालात, "ट्रायल चालू आहे, होईल संध्याकाळपर्यंत." माझं नाव कुठेच नाही. खरं सांगू का, पिनपेक्षा ते जास्त लक्षात राहिलंय.

आता माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत. हेडफोन मी अजून घालतो, डिझाइन बारा जणांच्या मीटिंगमध्ये होत नाही यावर मी ठाम आहे, तिथे दहा जण म्यूटवर असतात. पण ड्रॉइंग अर्धं झालं की ए-थ्रीवर प्रिंट काढून खाली जातो, ऑपरेटरच्या हातात पेन देतो. परवा एकाने क्लॅम्पवर सरळ फुलीच मारली, म्हणे चिप्स (धातूचा कीस) कुठून काढू? बरोबर होतं त्याचं.

गुरुवारी सुट्टी आहे, घरी येतोय. एक नवीन ड्रॉइंग पण आणतो, चष्मा शोधून ठेवा.