दुभती म्हैस आणि चावेझ

संपादक साहेब, नमस्कार.

परवा खडेबाजारात चहाच्या गाड्यावर व्हेनेझुएलावरनं वाद पेटला. एकजण म्हणाला फुकट वाटून वाटून देश बुडवला, आणि बाजूलाच आमच्या काकी मोबाईल पुढं करून विचारत होत्या, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 जमा झालेत काय बघ जरा.

पण तिथला राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझ नुसता फुकट वाटून वर आला नाही वो. 1992 ला त्याचं लष्करी बंड फसलं, टीव्हीवर मिनिटभर बोलायला मिळालं, "तूर्तास" जमलं नाही म्हणाला आणि त्या एका शब्दावर हिरो झाला, 1998 ला निवडूनच आला! तेलाच्या पैशातनं झोपडपट्टीत क्युबाचे डॉक्टर आणले, ते चांगलंच केलं, उगाच नावं ठेवू नये. घोळ झाला तो 2002-03 च्या संपानंतर, सरकारी तेल कंपनीतली सुमारे 18 हजार माणसं काढली, त्यात कितीतरी जाणती इंजिनिअर मंडळी. म्हणजे दुभती म्हैस ठेवली आणि धार काढणाराच हाकलला की! भाव चढा होता तोवर खपलं. 2013 ला तो गेला, पुढच्या वर्षी तेल पडलं, त्याच्यामागनं आलेल्या मदुरोच्या काळात महागाई भडकून 2018 ला चलनातले पाच शून्य उडवावे लागले.

काकींना सगळं सांगितलं. म्हणाल्या, ते असू दे, पैसे आलेत काय ते सांग.

एक वाचक, शहापूर, बेळगाव